करार मोडल्यानंतरचं बाळंतपण

नर्सची नोकरी करता करता मी बाळंतपणाचं वरचं शिक्षण घेतलं. पुढे दोन वर्षं साताऱ्यात एका जुन्याजाणत्या बाईंच्या हाताखाली काम करायचं, असा लेखी करार होता. पोटावर लाकडी नळी टेकवून बाळाचे ठोके आधी मी ऐकायचे. मग बाई नळीला कान लावायच्या, माझ्या पाठीमागे जाऊन उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "हं." तेवढं झालं की पुढचं काम. शेवटच्या वर्षी त्यांनी नवीनच टूम काढली. "ठोके मोठ्यानं सांगू नकोस, पेशंट घाबरते. हातावर लिही." मी तळहातावर पेनाने आकडा लिहू लागले. त्यांच्या मागे उभं राहून काही विचारलं तर त्या उत्तरच द्यायच्या नाहीत. मला वाटायचं, केवढा हा तोरा!

चार महिने बाकी असताना त्यांनी करार संपवला. "सही कर. तुला आता माझी गरज नाही." कारण विचारलं तर नुसत्या माझ्या ओठांकडे बघत राहिल्या. मी असली भडकले की सही ठोकली आणि चहाही न घेता निघाले.

पलूसजवळच्या उपकेंद्रात रुजू झाले. तिथे एका भर दुपारी पहिलटकरीण आली. लाईट गेलेली, पंखा बंद. मी नळी लावली. कळ ओसरली तरी बाळाचे घटलेले ठोके वर येईनात. सवयीने आकडा हातावर लिहिला आणि पाठीमागून स्पष्ट ऐकू आलं, "हं."

मागे नुसती भिंत होती.

पायाशी बसलेल्या सासूनं मान वर केली. "आवं सिस्टर, कोन हाय मागं?"

ते "हं" मानून गप्प बसावं असं फार वाटलं, आजवर तेच मानत आले होते. तरी पुन्हा मोजले. आणखी कमी. तिला डाव्या कुशीवर वळवलं, गाडी बोलावली आणि सोबत सांगलीला गेले. सिझर झालं. मूल उशिरा रडलं, पण रडलं.

बाहेर येऊन बाईंना फोन लावला. करार मोडल्यावरून मला भांडायचंच होतं. फोन सुनेनं उचलला.

"आवं, आईंना ऐकायला येत न्हाई. वरीस झालं की! त्यापायीच तर करार सोडला त्यांनी. तुमाला ठाव न्हवतं व्हय?"

मी तिथल्या बाकावर बसले. शेवटचे कितीतरी महिने बाई नळीला नुसताच कान लावत होत्या आणि माझ्या हातावरचा आकडा वाचत होत्या. मी चुकीचा आकडा लिहिला असता, तरी त्या "हं"च म्हणाल्या असत्या.