पावण्यांची स्कूटर

पेट्रोल पंपावर गाडी दोन-तीन मिनिटं थांबते. तेवढ्यात माणूस टाकी भरून घेतो आणि एखादा किस्सा सोडून जातो. कागलजवळ हायवेला आमचा पंप आहे. तिथले किस्से विकता आले असते, तर पेट्रोल विकायची गरजच पडली नसती!

कोल्हापुरात एम.ए. करताना मी तेलावर जगणाऱ्या देशांचं अर्थशास्त्र शिकले. एकच वस्तू विकून घर चालायला लागलं की माणसं दुसरं काही शिकायला तयार होत नाहीत, असं सर सांगायचे. असा देश बघायला मला लांब जावं लागलं नाही. आबा, म्हणजे माझे वडील, आणि तात्या, त्यांचे थोरले भाऊ, हे दोघं मिळून पंप चालवतात. पंपाच्या रिकाम्या कोपऱ्यात इलेक्ट्रिक गाड्यांचं चार्जिंग सुरू करू, म्हणून मी शिकून आल्यापासून मागं लागलेय.

आबांचं उत्तर ठरलेलं. "मी हाय तवर ह्या पंपावर वायर येणार न्हाय!"

*

आखातात कुठंतरी जहाजं अडली, अशी बातमी एकदा मोबाइलवर फिरली. बघता बघता रांग हायवेला भिडली. एका गृहस्थांनी भांडून नंबर पुढं काढला आणि टाकी गच्च भरून घेतली.

तात्यांनी विचारलं, "पावणं, लांब निघालाय जणू?"

"न्हाय ओ. गाडी घरात नेऊन लावायची हाय. पेट्रोल मिळायचं बंद झालं तर?"

*

डिझेल वाढलं, तशी पंपाशेजारच्या मावशींनी चहाची किंमत वाढवली. तात्या भडकले. "चहात डिझेल घालतीस व्हय गं?"

मावशींनी गाळणं आपटलं. "दूध टेम्पोनं येतंय, साखर ट्रकनं येतीया. तुम्ही तुमचा दर उतरवा, माझा मी आत्ता उतरवतो!"

तात्यांनी नव्या दरानं पैसे मोजले. आमच्या सरांना हेच सांगायला अख्खं सत्र लागलं होतं.

*

मी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली, तेव्हा आबांनी कपाळाला हात लावला. "पंपवाल्याची पोरगी विजेवर फिरती? गिऱ्हाइकानं काय समजायचं?" स्कूटर मागं, हवा भरायच्या मशिनच्या आडोशाला लावायची, असा हुकूम निघाला.

तरी एका गिऱ्हाइकाला ती दिसलीच. "आबा, झ्याक हाय की गाडी! कुणाची?"

"पावण्यांची," आबा म्हणाले.

मी हेल्मेट घालून शेजारीच उभी होते!

*

आता जनरेटरचं. ऊसतोडीचे दिवस, ट्रॅक्टरांची रांग, आणि लाइट गेली. तात्या जनरेटर सुरू करायला गेले. जनरेटर खोकला आणि गप्प झाला. त्यातलं डिझेल संपलं होतं. "आपलाच पंप हाय, भरू की कवाबी," म्हणत कुणी भरलंच नव्हतं. पायाखालच्या टाक्या डिझेलनं भरलेल्या, पण ते वर खेचायला वीज पाहिजे, आणि विजेसाठी डिझेल!

ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले. तात्या हळूच म्हणाले, "एखाद्या ट्रॅक्टरमधनं थोडं काढून घेऊया काय?"

"पंपवाल्यानं गिऱ्हाइकाकडं डिझेल मागायचं?" आबा कडाडले.

राहिला पलीकडचा पंप; त्यांचा जनरेटर चालू असणार. तिथले मालक म्हणजे आबांचे जुने वैरी. आमच्या जीपवर पंपाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात, ती नेणार कशी? मला एकटीला कॅन घेऊन पाठवलं तर मी खरं सांगून टाकीन, ही आबांना भीती. शेवटी आबा माझ्या स्कूटरवर मागं बसले. तोंडाला टॉवेल, मांडीवर रिकामा कॅन. वाटेत मी म्हटलं, "आबा, चार्जिंगचं..."

"गप गाडी चालीव!"

टॉवेलचा काही उपयोग झाला नाही. मालक लांबूनच ओरडले, "या या आबा! आज आमच्याकडं? डिझेल संपलं काय?"

सगळा पंप बघायला लागला. आबांनी टॉवेल काढला. त्या पंपाच्या कोपऱ्यात चार्जिंगचं मशिन होतं आणि एक कार त्याला लावलेली होती. आबांनी ते बघितलं, मग मालकांकडं बघितलं.

"डिझेलला कोण आलंय? ही स्कूटर माझ्या लेकीची. आमच्या पंपावर चार्जिंग सुरू करतोय आम्ही ह्याच महिन्यात. म्हटलं, तुमचं मशिन कसं हाय, जरा बघून यावं."

मी हँडल घट्ट धरून ठेवलं.

मालक म्हणाले, "बरं केलंसा. आणि मग हा कॅन?"

आबांनी कॅन उचलला आणि त्यांच्या हातात दिला.

"आता आलोच हाय, तर भरून टाका की!"