सात माणसांच्या सात पट्ट्या

ऐंशीच्या दशकात पालघरहून मी मुंबईच्या एका दैनिकाला बातम्या पाठवत असे. किनाऱ्यावरच्या एका गावातल्या मच्छीमार संस्थेने प्रत्येक बोटीवर प्रथमोपचाराची पेटी ठेवायचं ठरवलं. समुद्रात होणाऱ्या दुखापतींवर मी लिहिलं होतं, म्हणून पेटीत काय असावं याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं.

औषधं ठरवणं सोपं होतं. प्रश्न होता रक्त थांबवण्याच्या पट्ट्यांचा. त्यासाठी बोईसरच्या एका कारखान्यातल्या दवाखान्यात गेलो. तिथला कंपाउंडर लष्करातून निवृत्त झालेला होता. त्याने टेबलावर दोन पाकिटं ठेवली. लहानात तळहाताएवढी गादी आणि हातभर पट्टी होती. मोठ्यात जाड गादी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंना लांब पट्ट्या शिवलेल्या होत्या. त्याने पँट गुडघ्यापर्यंत सरकवून मोठी पट्टी स्वतःच्या पोटरीला बांधून दाखवली.

"वेढे देऊन गच्च गाठ बसली पाहिजे. दाब गाठीचा असतो, कापसाचा नाही. लहान मनगटापुरती. बोटीला मोठ्या दोन द्या. नाहीतर पेटीला नुसता हार घाला."

दोन्ही नमुने घेऊन मी संस्थेच्या बैठकीला गेलो. पेटीत एकतर मोठ्या दोन पट्ट्या बसत होत्या, नाहीतर लहान सात. बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारा म्होरक्या, धरून माणसं सात. तिथे बोटीवर येणाऱ्या प्रत्येक गोष्टीचा वाटा पडतो. मासळीचा पडतो, खाण्याच्या शिध्याचाही पडतो. मोठी पट्टी हातात घेऊन एक वयस्कर तांडेल म्हणाला, "दोनच? आन मानसं सात. वाटा कसा पाडायचा?"

"एक तांडेलाला, एक मालकाला," मागून कुणीतरी म्हणालं. "खलाशाचं रगत काय, खारं पानी हाय!"

सगळे हसले. त्याच तांडेलाच्या बोटीवरचा चाळिशीचा एक खलाशी दाराशी बसला होता. तो म्हणाला, "माझा वाटा तांडेलाला द्या भाऊ. काटा टोचला तरी तोच वरडतो."

पुन्हा हशा झाला. बैठक रंगात आली होती. मोठी पट्टी कशासाठी, हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. कंपाउंडरने दाखवलं ते तिथे कुणाच्याही पायावर दाखवता आलं असतं. पण 'प्रत्येक खलाशाला स्वतःची पट्टी' हा मथळा माझ्या डोक्यात तयार झाला होता. मी म्हणालो, "लहान सात घेऊ. प्रत्येकाला एक." लोकांनी माना डोलावल्या. बातमी चार दिवसांनी छापून आली.

त्याच हंगामात जाळं ओढताना तुटलेल्या तारेच्या दोराचं टोक त्या खलाशाच्या पोटरीत घुसलं. पुढचं मला तांडेलाने सांगितलं. आधी जखमीची स्वतःची पट्टी लावली. तिचा एकच वेढा बसला, गाठीला टोक उरलं नाही. मग एकेकाने आपापलं पाकीट फोडलं.

"कोनी हात आखडता घेतला नाय," तांडेल म्हणाला. "सातच्या सात लावल्या. एकीवर एक. पान्यानं नि रगतानं सगल्या घसरल्या. दाबलं तरी हात ठरंना."

शेवटी त्यांनी गुडघ्याच्या वर जाळ्याचा दोर आवळला. रक्त थांबलं. किनारा पाच तासांवर होता. तेवढा वेळ दोर तसाच राहिला. इस्पितळात पाय गुडघ्यावरून कापावा लागला. डॉक्टर म्हणाले, दोराने माणूस वाचवला आणि दोरानेच पाय घेतला.

पुढच्या हंगामाआधी मी यादी बदलली. बोटीमागे मोठ्या दोन. या वेळी वाट्याचं कुणी काढलं नाही. ही दुरुस्ती मी बातमीत कधीच दिली नाही.

त्या खलाशाला भेटायला गेलो तेव्हा तो ओट्यावर बसून दुसऱ्याच्या बोटीचं जाळं सांधत होता. बायको मासळीची टोपली घेऊन बाजाराला गेली होती. मी त्याला सगळं सांगितलं. त्या दिवशी मोठी पट्टी बैठकीत होती, ती कशाची हे मला माहीत होतं, आणि मी बोललो नाही.

त्याने जाळ्यातून हात काढला.

"मंग तवा बोलला का नाय, भाऊ?"

"सगळे खूश होते," मी म्हणालो.

"व्हतो खरं," तो म्हणाला, आणि जाळ्याचं भोक शोधू लागला.