दुभाषी कोणत्या भाषेचा?

ती घटना आजही आठवते, आणि यंदा आई गेल्यापासून अधिकच. आईची बातमी मला धाकट्या भावाने फोनवर, आमच्या घरच्या शब्दांत सांगितली. तेवढेही जिच्या वाट्याला आले नाही, तिची ही हकिकत आहे.

मी तेव्हा इंग्लंडच्या ईस्ट मिडलंड्समधल्या एका ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. हॉस्पिटलमधून फोन आला. दोन वर्षांच्या मुलाचा पाय उकळत्या पाण्याने भाजला होता आणि सांभाळणाऱ्या बाईने ते मुद्दाम केले, असे आईवडिलांचे म्हणणे होते. दोघे नागपूरचे, सॉफ्टवेअरमधले. बाई तिशीची, गडचिरोलीतल्या आतल्या गावची, त्यांनीच आणलेली.

कोठडीची जबाबदारी असलेल्या कस्टडी सार्जंटने मला विचारले, "हिची भाषा कुठली? इंटरप्रिटर लागेल ना?"

"मराठी," मी म्हणालो. "माझ्याच राज्यातली आहे."

तिला मी एक शब्दही विचारला नाही. मुलाची आई म्हणालीच होती, "सर, तिला सगळं कळतं. आम्ही घरी तिच्याशी मराठीच बोलतो." ते खरेच होते. भांडी घास, बाळाला घे, असे ते बोलत. ती उलट काय बोलते, हे मला विचारावेसे वाटले नाही.

लंडनमधल्या इल्फर्डहून मराठी दुभाषी बाई व्हिडिओवर आल्या. आरोपीला मोफत मिळणारा वकील, म्हणजे ड्यूटी सॉलिसिटर, तिच्या शेजारी बसला. कागदोपत्री सगळे चोख होते. सुरुवातीला बाईंनी विचारले, "चहा घेणार की कॉफी?"

"हो."

"अहो, दोन्ही द्या हिला!" बाई हसल्या. मीही हसलो.

मग चौकशी झाली. हक्क समजले? हो. पाणी तू ओतलंस? हो. मुद्दाम? ती जरा थांबली. "हो."

इतका सरळ कबुलीजबाब मला नोकरीत क्वचितच मिळाला होता. आरोप ठेवले गेले, ती रिमांडवर तुरुंगात गेली.

तीन महिन्यांनी मुलाच्या वडिलांची ईमेल आली. गावाकडे तिची आई वारली होती. "तुला मराठी येतं, तूच जा," माझा इन्स्पेक्टर म्हणाला. तुरुंगातल्या भेटीच्या खोलीत मी शक्य तितक्या हळू आवाजात सांगितले, "तुझ्या आईचं निधन झालंय."

ती नम्रपणे हसली. "हो."

मला तो चहा आणि ती कॉफी आठवली. मी मुद्दाम भलतेच विचारले.

"आपण आत्ता नागपुरात आहोत ना?"

"हो."

"मी तुझा सख्खा भाऊ ना?"

"हो."

बाहेर येऊन मी तिच्या सॉलिसिटरला फोन केला. गडचिरोलीतल्या आतल्या गावची, म्हणजे तिची भाषा गोंडी असणार, हे मला आत्ता सुचले होते. गोंडी बोलणारे कोणी आमच्या यादीत नव्हते. शेवटी गडचिरोलीतले एक निवृत्त शिक्षक फोनवर मिळाले. तुरुंगात तिच्यासमोर फोन ठेवला; गुरुजींनी आधी आईची बातमी दिली. ती टेबलावर डोके टेकून बराच वेळ रडली. मग बोलू लागली, आणि पाऊण तास थांबली नाही. मुलाची आई कानाला हेडफोन लावून मीटिंगमध्ये होती. ओट्याच्या कडेवरच्या किटलीची वायर मुलाने ओढली. हिने धावत येऊन त्याचा पाय गार पाण्याखाली धरला.

पाय ताबडतोब गार पाण्याखाली धरला गेला होता, ही डॉक्टरांची नोंद पहिल्या दिवसापासून माझ्या फाइलमध्ये होती.

मुलाच्या आईने अखेर कबूल केले. सोशल सर्व्हिसेस मूल काढून घेतील, या भीतीने ती खोटे बोलली होती. खटला मागे घेतला गेला. ते कुटुंब रीडिंग शहरात राहायला गेले. मला कोणी जाब विचारला नाही. फॉर्म पूर्ण भरलेले होते.

"पण ती हो का म्हणाली?" मी गुरुजींना विचारले.

"साहेब, पोलिसासमोर आमची माणसं हो म्हणतात. लवकर सोडतात मग."

त्यानंतर मी 'समजलं का?' असे कुणालाही विचारले नाही. मी काय सांगितले ते तुझ्या शब्दांत सांग, असे म्हणू लागलो. आणि माणसाची भाषा कोणती, हे त्याच्या मालकाला विचारायचे सोडले. स्वतःच्या मनाला विचारायचे तर त्याआधी सोडले.

सुटकेच्या दिवशी गुरुजींना फोन लावून मी तिची माफी मागितली. "माफ करते का, विचारा."

ती माझ्याकडे सरळ बघत दोनच शब्द बोलली.

"साहेब," गुरुजी अवघडून म्हणाले, "ती नाही म्हणते."

तिला माझा प्रश्न समजला आहे, याची मला त्या दिवशी प्रथमच खात्री वाटली.