रिकाम्या हातानं जंगलात

यमुनाआत्या जंगलात जायच्या त्या रिकाम्या हातानं. चिखल्याच्या खाणवसाहतीत हे विचित्रच होतं. आमच्याकडे जंगलात जायचं ते सरपणाला, तेंदूपत्त्याला, मोहफुलांना. आत्या मात्र रविवारी सकाळी विळा-दोरी घरी ठेवून निघायच्या.

"आत्या, वाघाले भेटाले चालल्या का?" बायका चिडवायच्या.

"हो. तुह्याच घरचा रस्ता सांगीन त्याले."

आत्या खाणीवर खनिज निवडायच्या कामाला होत्या. त्यांचा नवरा खाणीतच दगावला होता. आम्ही शेजारी.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी खाणीत छत कोसळलं. माझे यजमान वामनराव वाचले. पण कामगारांना खाली नेणाऱ्या लोखंडी पिंजऱ्यात पाय ठेवला की त्यांचा श्वास अडकायचा. डॉक्टरांना काही सापडलं नाही. ऑफिसनं बजावलं: महिनाअखेरपर्यंत खाली उतरा, नाहीतर नोकरी आणि क्वार्टर दोन्ही सोडा. मी उपायांची यादी केली. औषध, अंगारा, रजेचा अर्ज, शेवटी मोहाडीला भावाचं घर. एकेक खोडत गेले.

"त्याले रविवारी माह्यासंग धाड," आत्या म्हणाल्या. "तूही ये. पोतं घरी ठेव."

"आत्या, मोह गळून राहिला. जातोच आहोत तर..."

"पोतं असलं का नजर जमिनीवरच राह्यते. मंग झाड कवा पाहशीन?"

जंगलात त्या चपला काढायला लावायच्या. अगदी हळू चालायचं, झाडाच्या सालीवर तळहात टेकवायचा, वास घ्यायचा, बसायचं. बोलायचं नाही. यजमान छाती फुगवून हवा ओढू लागले की म्हणायच्या, "श्वासाले ओढू नोको, वामन. येऊ दे त्याले."

रविवार जात होते. यजमानांना झोप लागू लागली, जेवण जाऊ लागलं. पिंजऱ्याशी मात्र पाय अडायचेच. मी भांडी बांधायला काढली.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही नाल्याकाठी बसलो होतो. पलीकडे मोहाखाली काळं काही हललं. अस्वल! फुलं खात खात ते आमच्याच बाजूला सरकत होतं. मी उठणार, तोच आत्यांनी माझा पदर धरला. "बसून राह्य."

अस्वलानं तोंड वर केलं. हवा हुंगली. माझ्या कानांत नुसते ठोके. यजमानांनी माझा हात धरला. त्यांचा तळवा कोरडा होता, श्वास संथ. अस्वल वळलं, पुन्हा फुलांत तोंड घातलं आणि हळूहळू झाडीत गेलं.

आत्यांनी यजमानांकडे पाहिलं. "काहून रे, आता नाही अडकला?"



दुसऱ्या दिवशी मी खाणीच्या कुंपणाशी उभी होते. डोक्यावरची टोपली उतरवून आत्याही येऊन थांबल्या. पिंजऱ्यापाशी यजमान थबकले. मागचे लोक खोळंबले. कुणीतरी ओरडलं. यजमानांनी लोखंडी गजावर तळहात टेकवला, जसा सालीवर टेकवायचे तसा, आणि आत गेले.

घंटा झाली. पिंजरा खाली गेला. मधेच परत वर आणतील, या धास्तीनं मी दोराकडे पाहत राहिले. बऱ्याच वेळानं पुन्हा घंटा झाली. पिंजरा वर आला.

रिकामा.

आत्यांनी टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.

"पाहून काय राहिली? येत्या रविवारी पोतं आन. मोह संपून जाईन."