डावी भुवई

पार्लरच्या बाईंनी पेन्सिलीने माझ्या भुवया आखल्या आणि आरसा हातात दिला. दोन्ही अगदी सारख्या. "आता यावर सुईने रंग भरला, की वर्ष-दोन वर्षं बघायला नको."

आरशातली बाई छानच दिसत होती. फक्त कुणाचंही काहीही ऐकून घेईल, अशी.

माझी डावी भुवई जन्मापासून वर चढलेली. मी तान्ही असताना न्हाऊ घालणाऱ्या बाईंनी तेलाच्या अंगठ्याने दाबून तीही बसवायचा प्रयत्न केला होता, म्हणे. नाक सरळ झालं, डोकं गोल झालं, ही काही बसली नाही. पुढे सासरी, ऑफिसात मी तोंड उघडायच्या आधी हीच वर जायची आणि समोरचा आवरतं घ्यायचा. सुई लावण्याआधी रंगाची अ‍ॅलर्जी तपासतात. या भुवईने आजवर माझ्यासाठी काय काय केलं, ते कोण तपासणार? सारखेपणा एवढा हवाय कुणाला? मला तर नको.

"मग, करूया ना ताई?"

मी नुसतं त्यांच्याकडे बघितलं.

"बरं, राहू द्या," म्हणत त्यांनी पेन्सिल पुसायला कापूस पुढे केला.