प्रवचनातला ड्रिंक्स ब्रेक

मामांना कोणी नमस्कार केला, की ते आधी त्याच्या पाठीमागे कोण उभे आहे ते पाहत आणि मग नमस्कार घेत. ऑफिसातल्या नव्या मुलांना हे विचित्र वाटे. चहा आला, की कप उचलण्याआधी चहावाल्याला प्रश्न असे, "आज लवकर कसा?" उशिरा आला तर तो का, हे ते विचारत नसत, उशीर ही त्यांच्या मते माणसाची खरी अवस्था होती. लिफ्टमध्ये कोणी उगाच हसला, तर मामा पुढच्याच मजल्यावर उतरत आणि उरलेले मजले जिन्याने चढत.

महाप्याच्या आमच्या कंपनीत ते तक्रार विभागाचे प्रमुख होते. कंपनीचा धंदा समजायला सोपा आहे. मोठ्या थंडगार खोल्यांत संगणक उभे करायचे आणि ज्यांना वेबसाइट चालवायची असेल त्यांना त्यांवर जागा भाड्याने द्यायची. त्या जागेत कोणी साड्या विकतो, कोणी शाळेचे निकाल लावतो, आणि काही जण चोरलेले सिनेमे आणि क्रिकेटचे सामने जगाला दाखवतात. मग ज्यांचा माल चोरीला गेला त्यांच्या वकिलांची पत्रे आमच्याकडे येतात. ती मामा वाचत आणि उत्तरे मी लिहीत असे. आमच्या काचेच्या दारावर साहेबांनी 'विश्वास आणि सुरक्षा' अशी पितळी पाटी लावून घेतली होती. मामा तिच्यातला पहिला शब्द सोडून वाचत.

मामा मूळचे बोनकोड्याचे. शेत शहरात गेले, त्याच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडावर त्यांनी भाड्याच्या खोल्या बांधल्या होत्या. त्याआधी कोपरखैरण्यात त्यांचा केबलचा धंदा होता. शुक्रवारी लागलेला सिनेमा रविवारी त्यांच्या केबलवर दिसे, आणि त्यात थिएटरातली माणसे मधूनच उठून बाहेर जातानाही दिसत. "लोकांना त्येच आवरायचा," मामा सांगत, "थेटरात बसल्यासारका वाटायचा." एवढा अनुभव पाहूनच साहेबांनी त्यांना घेतले होते. साहेब याला 'क्षेत्रातील तज्ज्ञता' म्हणत. मामा म्हणत, "चोरी क्येलेला मानूस हवा व्हता त्यांना. मी व्हतो."

साहेबांचा एक आवडता सिद्धान्त होता आणि तो ते प्रत्येक बैठकीत नव्याने शोधून काढल्यासारखा मांडत. "आपण घरमालक आहोत. भाडेकरू बंद दाराआड काय करतो, हे घरमालकाला माहीत नसतं आणि माहीत असणं अपेक्षितही नाही." खोलीतले सगळे माना डोलावत. खोलीत खरा घरमालक एकच होता, आणि तो मान डोलावत नसे.

"साहेब, घरमालकाला सगलं ठाव असतं," मामा एकदा म्हणाले. "खोली घ्येतात नवरा-बायको म्हनून, न् पानी खेचतात धा जनांचं. मी दार नाय वाजवत. टाकीजवल उभा रातो."

इथेही ते टाकीजवळच उभे राहत. कोणत्या ग्राहकाकडून किती डेटा बाहेर वाहतो आहे, त्याची चढउतार करणारी रेघ त्यांच्या पडद्यावर असे, आणि ती ते तासन्‌तास न्याहाळत. वेबसाइट उघडून आत काय दिसते ते मात्र पाहायचे नाही, हा त्यांचा नियम होता. चोर दर्शनी पानावर गणपती लावतो आणि सामना मागच्या खोलीत चालवतो, हे त्यांना पाठ होते. "चित्र खोटं बोलतं. पानी नाय बोलत."

आमचा सर्वांत मोठा ग्राहक 'अखंड आध्यात्मिक प्रवचन' या नावाने नोंदलेला होता. एरवी हे प्रवचन मंद गतीने चाले. भारताचा सामना असला, की नाणेफेकीबरोबर भक्ती उसळी मारी, दोन डावांच्या मध्ये ओसरे, आणि शेवटच्या षटकांत तर अशी वाढे की संगणकांना घाम फुटे. "ह्ये बगा," मामा मला रेघेतला छोटा खळगा दाखवत. "महाराज ड्रिंक्स ब्रेक घ्येतात."

तरी प्रवचन बंद होत नसे. वकिलांची तक्रार आली, की आम्ही ती ग्राहकाकडे पाठवायची. ग्राहक उत्तर देई, 'हरि ॐ. आक्षेपार्ह दुवा काढून टाकला आहे.' तो दुवा खरोखरच काढलेला असे. तोच सामना मात्र, आम्ही चहा संपवेपर्यंत, त्याच संगणकावर दुसऱ्या पत्त्यावर सुरू झालेला असे. त्यावर वकिलांनी नवी तक्रार करायची. जुनी आम्ही 'निकाली' या रकान्यात टाकत असू. या निकाली रकान्याच्या जोरावर साहेब वाशीला एका परिसंवादात व्हिडिओ-चोरीविरुद्ध बोलून आले, शाल-श्रीफळ घेऊन. प्रायोजकांच्या फलकावर प्रवचनवाल्यांचेही नाव होते. मामांनी फोटो मोठा करून ते मला दाखवले.

मग एका शुक्रवारी वकिलांचे वेगळ्या स्वराचे पत्र आले. रविवारच्या सामन्यात आमच्याकडून चोरीचे प्रक्षेपण सुरू राहिले, तर थेट कोर्टात भेटू. साहेबांनी रविवारी सगळ्यांना बोलावले. "आज एक तरी कारवाई दिसली पाहिजे," ते म्हणाले, आणि प्रवचनाच्या रेघेकडे बोट जाण्याआधीच त्यांनी पुढे जोडले, "जुने ग्राहक सोडून."

दुपारी मामांना एक नवी रेघ दिसली. नावड्याकडच्या कुठल्या क्रीडा मंडळाच्या नावावर, आठवड्यापूर्वीच घेतलेली जागा. रेघ षटकाषटकाला उतरत होती, पुन्हा चढत होती, आणि आता तर भिंतीसारखी उभी राहिली होती.

"एकदा उघडून बघू या का?" मी म्हणालो.

"मंडलाला येवरे बगनारे कुठशी आले?" मामा म्हणाले. "ह्यो सामनाच हाय." आणि त्यांनी लाइन तोडली.

साहेबांनी टाळी वाजवली. "शाब्बास! लिहा हो," ते मला म्हणाले, "बेकायदा क्रिकेट प्रक्षेपण करणाऱ्या टोळीवर तत्काळ कारवाई. मंडळाचं नाव ठळक टाका."

तेवढ्यात मामांचा फोन वाजला. मामी होत्या. त्यांचा आवाज फोनबाहेर आम्हा सगळ्यांना पुरेसा होता.

"अवो, म्याच बंद परली! शेवटची ओवर हाय न् नुसता गोल गोल फिरतंय. तुमच्या हापिसात कोनाला विचारा ना!"

"कुठली म्याच?"

"कुठली म्हंजे? आपली! टेनिसची फायनल! बोनकोडा ब्याटिंग करतंय, तुमचाच पुतन्या हाय स्ट्राइकला. दुबईशी फोन येतान लोकांचं, बोटीवरशी येतान, न् तुमी कुठली इचारता?"

टेनिस बॉलच्या गावोगावच्या स्पर्धा मामांना ठाऊक नव्हत्या असे नाही. लहानपणी तेही खेळले होते. परंतु आपल्या मळ्यातला खेळ पाहायला दुबईहून माणसे बसत असतील, यावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. सगळ्या जगावर संशय घेणाऱ्या माणसाने आपल्या गावाला कमी लेखले होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला. मामी बोलतच होत्या. मामांनी, मला आठवते, मान वळवून स्वतःच्या पाठीमागे पाहिले.

"मंडल चोर नाय," ते म्हणाले. "चूक माजी हाय. पत्रात तसा लिव."

"चूक असं लिहायचं नसतं, मामा," साहेब समजुतीने म्हणाले. "एकदा कारवाई झाली की झाली. मंडळाला काय फरक पडतो? ती गावातली पोरं."

"गावातली पोरं," मामा म्हणाले. "उद्या त्यांच्या नावावर कोर्टाचा कागद येल. गावात मी कंच्या तोंडानी जाव?"

"मग वकिलांना मी दाखवू काय?"

"खरा चोर दाखवा."

"प्रवचनाबद्दल पुरावा काय आहे आपल्याकडे?"

"मंडलाबद्दल काय व्हता?"

मामांनी आधी मंडळाची लाइन जोडली. मग, साहेब खुर्चीतून उठेपर्यंत, प्रवचनाची तोडली.

कंपनीचा फोन लगेच वाजला. पलीकडे प्रवचनवाले होते आणि पहिल्यांदाच 'हरि ॐ'शिवाय बोलत होते. मामांनी फोन स्पीकरवर टाकला आणि झोपेतून उठल्यासारखा आवाज काढला.

"बगतो हां, शेट. कंच्या वेलेला तुटला ते लिवायला लागतं. स्कोर काय झाला व्हता?"

"एकशे बासष्टला चार! लवकर करा, शेवटच्या ओव्हर्स आहेत!"

साहेब पितळी पाटीकडे बघत होते. त्या बाजूने ती कोरी होती.

प्रवचन संध्याकाळच्या आत पुन्हा सुरू झाले. ते साहेबांनी सुरू करवले, 'ग्राहकाला बाजू मांडण्याची संधी' म्हणून. वकिलांना मी लिहिले, की मंडळाची लाइन आमच्या चुकीने तुटली होती आणि खुलासा करून ती जोडली आहे. साहेबांनी न वाचता सही केली; ही त्यांची सवय मी बरीच वर्षे ओळखून होतो. मामांना कोणी काढले नाही. त्यांनीच राजीनामा दिला. कारण विचारल्यावर म्हणाले, "माजा माज्यावरशी इस्वास उडाला." त्यांच्या तोंडून तो शब्द मी तेव्हाच ऐकला, तोही उडालेला.

निरोपाला साहेबांनी त्यांना शाल घातली आणि 'सचोटी' या विषयावर बोलले. मामांनी शाल अंगावरच उलटी करून पाहिली. आतल्या बाजूला वाशीच्या परिसंवादातला 'प्रमुख वक्ते' हा बिल्ला तसाच टोचलेला होता. तो काढून त्यांनी साहेबांच्या हातात ठेवला. "ह्यो तुमचा रायला."

गावाने त्यांना महिनाभर टोमणे मारले. नाक्यावर उभे राहिले तरी कोणी तरी म्हणे, "मामा, जरा बाजूला व्हा, लाइन तुटंल." मग पुढच्या स्पर्धेला मंडळाने त्यांनाच प्रक्षेपणावर बसवले. सामना सुरू असताना त्यांनी रेघेकडे नाही, पडद्यावरच्या चित्राकडे पाहायचे, अशी अट घातली. मामा ती पाळतात. फक्त प्रत्येक पायचीतला विचारतात, "ह्यो अंपायर कोनाचा मेवना?"

परवाच्या रविवारी मी बोनकोड्याला गेलो. मामा आपल्या खोल्यांसमोर, टाकीजवळ खुर्ची टाकून बसले होते. मी नमस्कार केला. त्यांनी माझ्या पाठीमागे पाहिले, कोणी नव्हते, मग नमस्कार घेतला. मामींनी चहा आणला. तो लवकर कसा, हे मामांनी विचारले नाही. लग्नाला बरीच वर्षे झाली होती.

"परवचन चालू हाय?" मामांनी विचारले.

"चालू आहे."

"आता कुठपत्तूर आलं?"

"दोनशे दहाला सहा," मी म्हणालो.

मामांनी कप खाली ठेवला. माझ्याकडे पाहिले, मग माझ्या शर्टाच्या खिशाकडे पाहिले, जिथे फोन होता.

"कशावर बगतोस रं?"