बायोडेटातली गिटार

माझ्या मुलाला गिटार वाजवता येते, हे मला अणदूरहून आलेल्या निरोपातून कळलं. तोपर्यंत तो एकतीस वर्षं माझ्याच घरात राहत होता.

निरोप असा होता : मुलीनं सांगितलंय, बघायला येताना गिटार घेऊन या.

निरोप आणणारा माझा मेहुणा. त्याचं मुरुमला आडतीचं दुकान आहे आणि फावल्या वेळात तो सोयरिकी जमवतो. दोन्हीकडचे बायोडेटा तोच मोबाईलवर तयार करतो, वर गणपती, खाली मामाचं कूळ.

"मामा, गिटार कुणाला येते?" मी विचारलं.

"भाच्याला."

"कधीपासून?"

"दाजी, आता कारखान्याच्या वजनकाट्यावर बसल्यागत बसू नका. छंदाच्या रकान्यात कायतरी लिहावं लागतं. शेती लिहू का छंद म्हणून? म्हशी लिहू? सतरा जागी 'वाचन व क्रिकेट' लिहिलं, सतरा जागी नकार आला. ह्या खेपेला गिटार लिहिली, तर पोरगी आपणहून म्हणती, हे स्थळ बघायचंय. आता बोला!"

आकडे त्याच्या बाजूनं होते.

आमचं गाव ढोकीपासून सहा किलोमीटरवर. आठ एकर बागाईत, सहा म्हशी, स्वतःचं घर, मुलाला सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण "मुलगा काय करतो?" ह्या प्रश्नाला "शेती" असं उत्तर दिलं की समोरची मंडळी घड्याळाकडे बघायला लागतात. सतराव्या ठिकाणी तर चहा यायच्या आधीच उत्तर आलं होतं. त्यानंतर माझ्या मुलानं बघायला जायचा पांढरा शर्ट धारा काढताना घालायला सुरुवात केली. ते बघून त्याच्या आईनं दोन दिवस जेवण सोडलं होतं.

मी साखर कारखान्यात वजनकाट्यावर सव्वीस वर्षं काम करतो. भरलेली गाडी, रिकामी गाडी, वजाबाकी, चिठ्ठी. आजवर माझ्या हातून चुकीचा आकडा चिठ्ठीवर गेलेला नाही. म्हणून मी म्हणालो, अणदूरला फोन करून खरं काय ते सांगून टाकू.

बायको म्हणाली, "तुमचा खरेपणा काट्यावरच ठिवून येत जावा. हे अठरावं स्थळ हाय. पोराला चाळिशी गाठू द्यायची का?"

तेव्हा मी दुसरा मार्ग काढला. पौष लागत होता. पौषात आमच्याकडे मुलगी बघत नाहीत. अमावास्येनंतरचा दिवस धरला तर चौतीस दिवस हातात होते. लिहिलेली गोष्ट खोडता येत नसेल, तर चौतीस दिवसांत ती खरी करावी.

"काय खरी करावी?" मुलगा म्हणाला.

"तू गिटार शिकायची."

"आण्णा, सकाळी धारा, दूध घालायचं, त्यात ऊसतोड चालू हाय. कवा शिकू?"

अडचण रास्त होती. गिटारचा क्लास धाराशिवला, फक्त रविवारी, सकाळी आठ वाजता. त्या वेळी तो दुधाच्या केंद्रावर असतो. मी पाळी बदलून घेतली आणि त्याच्या ऐवजी स्वतः क्लासला गेलो. तिथं शिकायचं, वहीत उतरवून घ्यायचं, घरी येऊन त्याला शिकवायचं. ह्यात काही विचित्र आहे असं मला त्या वेळी वाटलं नाही.

शिकवणारा पंचवीस-सव्वीस वर्षांचा, लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवणारा.

"काका, मुलाला आणलंय का?"

"मुलगा कामात आहे. मी त्याच्या बदली आलोय."

"बदली?"

"कारखान्यात बदली कामगार असतो की. तसा."

त्यानं माझ्याकडे बघितलं, माझ्या वहीकडे बघितलं आणि एक खुर्ची दिली.

क्लासमध्ये माझ्याशिवाय नऊ जण होते. माणसं गिटार का शिकतात हे कळलं तर मुलाला पटवायला सोपं जाईल, म्हणून मी प्रत्येकाला दोन प्रश्न विचारले : का शिकता, आणि तुमचा आवडता गिटार वाजवणारा कोण? चौघांनी मोबाईलवर बघून सुरुवात केली होती. त्यांनी चार परदेशी नावं सांगितली, जी मला लिहिता आली नाहीत. दोघं एका मुलीसाठी शिकत होते. मुलगी एकच होती, हे दोघांना माहीत नव्हतं, आणि मी सांगितलं नाही. एकाला आईनं मोबाईलपासून लांब राहावा म्हणून घातलं होतं, आणि तो घरी मोबाईलवरच गिटारचे धडे बघत होता. एका मुलीला फक्त गिटारसोबत फोटो पाहिजे होता, तो पहिल्याच दिवशी निघाला होता, पण फी भरली होती म्हणून ती येत होती. नववे निवृत्त ग्रामसेवक. त्यांची बोटं आखडत होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोटांना काम द्या. त्यांना आवडता वादक विचारला तर म्हणाले, "माझ्या लग्नात एक होता. स्टेज लहान, म्हणून पाठ करून उभा होता. तोंड बघितलं न्हाय, पण वाजवत मात्र भारी होता."

शेवटी शिकवणाऱ्यालाच विचारलं. तो म्हणाला, "जो गाणाऱ्याला ऐकू येतो आणि वऱ्हाडाला ऐकू येत न्हाय, तो."

नऊ जणांत कुणीही बायोडेटासाठी शिकत नव्हतं.

गिटार घेतली, शिकवणाऱ्याकडून तारा लावून घेतल्या आणि घरी आणली. गिटारच्या टोकाला सहा खुंट्या असतात, त्या पिळून तारा सुरात आणतात. त्यानं बारकाईनं एकेक पिळून बरोबर केलेली मी बघितली होती. काट्याची तपासणी झाली की त्याला सील करतात, म्हणजे पुढं कुणी छेडछाड करू नये. मीही तेच केलं. सहाही खुंट्या दोऱ्यानं घट्ट बांधल्या आणि गाठींवर लाख लावली. ही गिटार मोटारसायकलवर नेणं अवघड, म्हणून पुढच्या प्रत्येक रविवारी मी क्लासमधलीच वापरत गेलो. घरातली सीलबंद राहिली. तारा खुंटीला हात न लावताही आपोआप उतरतात, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण सील शाबूत होतं.

घरी शिकवणी गोठ्यात, संध्याकाळच्या धारेच्या वेळी. मुलगा म्हशीखाली, मी बाजल्यावर. मी वाजवून दाखवायचो, तो मान हलवायचा. त्या मानेवर मी फार विसंबलो. जी, सी आणि डी अशा तीन कॉर्ड, म्हणजे दोन-तीन तारा एकदम दाबून काढायचे सूर, मला आल्या. 'जी'वरून 'सी'वर बोटं न्यायला पहिल्या आठवड्यात सात सेकंद लागत, चौथ्या आठवड्यात अडीच. डाव्या हाताच्या चार बोटांच्या टोकांना तारांनी आधी चिरा पाडल्या, मग तिथली कातडी नाण्यासारखी कडक झाली.

एक दिवस मुलगा म्हणाला, "आण्णा, तुमचं वाजवणं बंद करा. मोठी म्हैस पान्हा चोरायली."

"कशावरून?"

"अर्धा लिटर कमी आलं."

एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. मी तीन दिवस वाजवलं, तीन दिवस नाही. वाजवलेल्या तिन्ही दिवशी दूध कमी. मी बाजलं परसात नेलं.

पौष संपला. गिटार चादरीत गुंडाळून आम्ही चौघं अणदूरला गेलो : मी, बायको, मुलगा आणि मेहुणा. गाडीत मी मुलाला विचारलं, "जी धरून दाखव." त्यानं खिडकीबाहेर बघत सांगितलं, "आण्णा, मला एकबी येत न्हाय. तुमी मन लावून करायलाव म्हणून म्या बोललो न्हाय."

गाडी त्या वेळी नळदुर्गच्या अलीकडे होती. परत फिरायला मेहुण्यानं नकार दिला.

मुलीचे वडील मितभाषी, पंधरा एकरांचे शेतकरी. मुलीनं सोलापूरला हॉस्टेलवर राहून औषधशास्त्राचा डिप्लोमा केलेला, वय सव्वीस. तिनं पोहे ठेवले, समोर बसली आणि कुणी काही विचारायच्या आत तिनंच मुलाला विचारलं, "तुमचा आवडता गिटारिस्ट कोण?"

मुलानं बशीतले पोहे चमच्यानं सारखे केले. मग म्हणाला, "आण्णांना विचारा."

मेहुणा मोठ्यानं हसला. "लाजाळू हाय! वाजवायला लागला की बघा, लई भारी."

"डावा हात दाखवा," मुलगी म्हणाली.

मुलानं हात पुढं केला. तळहाताला खुरप्याचे घट्टे होते. बोटांची टोकं मऊ. तिनं हाताला स्पर्श न करता नुसतं बघितलं, आणि मग तिची नजर माझ्या हातावर आली. मी डाव्या हातात बशी धरली होती.

"काका, तुम्ही वाजवता का?"

बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. मी बशी खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. रविवार पाच, कॉर्ड तीन, त्या तिन्ही माझ्या. मुलाला एकही येत नाही. बायोडेटात लिहिलेलं त्याला विचारून लिहिलेलं नव्हतं. त्याचा खरा छंद म्हशी, त्या सहा आहेत.

मुलीनं चादर सोडली आणि गिटार उचलली.

"हे खुंट्यांना काय बांधलंय?"

"सील."

ती हसली. आधी आवरून, मग अजिबात न आवरता. तिचे वडीलही हसले, कशाला ते त्यांना कळलं नसावं. तिनं नखानं लाख उडवली, दोरे तोडले आणि एकेक तार पिळत कान लावला. पाच मिनिटं गेली. मग तिनं वाजवलं. मी इतके दिवस जी वाजवत होतो ती ह्याच लाकडाची, ह्याच तारांची गिटार होती, हे मानायला मला वेळ लागला.

"पोरीला येतंय की!" माझी बायको म्हणाली.

"हॉस्टेलला वरच्या खोलीत एक मुलगी रोज पहाटे वाजवायची," ती म्हणाली. "रोज त्याच ठिकाणी चुकायची. ऐकवेना. चूक काय ती सांगता यावी म्हणून शिकले. सांगायच्या वेळेला ती खोली सोडून गेली."

"मग तुमच्या बायोडेटात रांगोळी कशी?" मी विचारलं. तो कागद मी चार वेळा वाचला होता.

"मला रांगोळी येत न्हाय काका. मी गिटारच लिहिलं होतं. ह्या मामांनी काढलं."

सगळे मेहुण्याकडे बघायला लागले. त्यानं पोह्याचा घास गिळला.

"अहो, पोरीच्या बायोडेटात गिटार बरी दिसती का? लोक म्हणतील, घरात कुणाचं ऐकल का ही? म्हणून रांगोळी घातली. आन् काढलेली गिटार वाया कशाला घालवायची, म्हणून भाच्याच्यात टाकली. काय चुकलं?"

मुलीचे वडील म्हणाले, "जाऊ द्या. दोघांना जरा बोलू द्या." ती दोघं मागच्या ओसरीवर गेली. दहा मिनिटं म्हणून गेलेली बावीस मिनिटांनी आली. मुलाचे कान लाल झाले होते. परतीच्या वाटेवर आईनं खोदून विचारलं, काय बोललास? तो म्हणाला, "तिनं इचारलं तेवढं सांगितलं." मेहुणा घर येईपर्यंत एकटाच बोलत होता.

पाच दिवस फोन आला नाही. त्या पाच दिवसांत मुलानं पांढरा शर्ट दोनदा धुतला. मी काट्यावर एका गाडीचं वजन दोनदा घेतलं. नोकरीत पहिल्यांदाच.

सहाव्या दिवशी दुपारी मुलीच्या वडिलांचा फोन आला. होकार आहे, म्हणाले.

मला राहवलं नाही. "एक विचारू का? मी सगळं खरं सांगितलं, त्यामुळं का?"

"ते आमाला आवडलंच," ते सावकाश म्हणाले. "पर पोरीचं म्हणणं येगळं हाय. तिला सवताचं मेडिकल टाकायचंय. तिनं तुमच्या मुलाला इचारलं, गावात मेडिकल हाय का? तो म्हणला, एकबी न्हाय, ढोकीला जावं लागतं. मग तिनं जागेचं इचारलं. तो म्हणला, रस्त्याच्या बाजूला आमची म्हशीच्या पेंडीची खोली हाय, मोकळी करून देतो. झालं. तिचं तिथंच ठरलं."

मी फोन ठेवायच्या आतच बायकोनं तुळजापूरच्या दिशेला हात जोडले. "शेवटी गिटारनंच जमवलं," ती म्हणाली.

मी म्हणालो, गिटारचा ह्यात काही संबंध नाही, पेंडीच्या खोलीचा आहे. ती म्हणाली, बायोडेटात गिटार नसती तर त्या घरात आपल्याला पोहे तरी मिळाले असते का? ह्याचं उत्तर मी अजून शोधतोय. कारण ते मान्य केलं तर श्रेय मेहुण्याच्या खोट्याला जातं, आणि मी सांगितलेल्या खऱ्याच्या वाट्याला एका मुलीचं हसणं तेवढं येतं.

मुलगा तोवर बाहेर गेला होता. खोलीचं कुलूप उघडल्याचा आवाज आला, म्हणून मीही गेलो. आम्ही बापलेकांनी पेंडीची पोती काढून गोठ्याच्या भिंतीला रचली. एकोणतीस निघाली. मला वाटलं होतं वीस-बावीस असतील.